डायरीतले लाल शेरे आणि टॉम सॉयर

कोथरूडहून एका आईने विचारलं आहे: मुलगा पाचवीत, सेमी-इंग्रजीत. शाळेच्या डायरीत दर दोन-चार दिवसांनी लाल शाईचा शेरा. वाढदिवसाला मामाने मार्क ट्वेनचं ‘टॉम सॉयर’ दिलं. आजीने ते चाळलं आणि ‘आधीच हा असा, त्यात हे कशाला?’ म्हणून कपाटावर ठेवून दिलं. पुस्तकातला मुलगा खोटं बोलतो, शाळा बुडवतो, घरातून पळून जातो, चिलीम ओढतो. वर स्मशानात खून आहे. द्यावं का? द्यायचं तर संक्षिप्त की संपूर्ण? मराठी की इंग्रजी?

द्या. आणि संपूर्णच द्या. मी पुण्यातल्या एका शाळेचं ग्रंथालय सांभाळते, पाचवी ते सातवीचे वाचनाचे तास माझ्याकडे असतात आणि हे पुस्तक मी वर्गात बऱ्याचदा मोठ्याने वाचलेलं आहे. आजींची शंका खोटी नाही, पण ती ज्या पुस्तकाला लागू पडते ते हे नव्हे. ती लागू पडते संक्षिप्त आवृत्तीला. संक्षिप्त आवृत्तीतला टॉम खरोखरच वाया गेलेला मुलगा असतो. पानं कमी करताना खोड्या ठेवतात, कारण त्या मजेदार असतात, आणि त्या खोड्यांपायी टॉमची रात्रीची झोप कशी उडते ते काढून टाकतात. मग उरतं काय? एका हुशार पोराने सगळ्यांना चुना लावला, शेवटी खजिनाही त्यालाच मिळाला. असं पुस्तक माझ्या नातवाला मीही देणार नाही.

मूळ पुस्तक १८७६ चं. ट्वेन मिसिसिपीच्या काठावरच्या हॅनिबल गावात वाढला. पुस्तकात त्याने त्या गावाचं नाव बदललं आणि काळ ठेवला आपल्या लहानपणचा, म्हणजे १८४० च्या आसपासचा. टॉमला वाढवणाऱ्या पॉलीमावशीत त्याची आई आहे, सिडमध्ये धाकटा भाऊ. लिहून झालं तेव्हा हे मोठ्यांचंच पुस्तक आहे असं त्याचं ठाम मत होतं. हॉवेल्स नावाच्या लेखक-संपादक मित्राने हस्तलिखित वाचून त्याला मुलांच्या पुस्तकाकडे वळवलं. ही दुहेरी ओढ पानोपानी जाणवते. मूल हसतं एका ओळीला, शेजारी बसलेली आई दुसऱ्याच.

आता शेऱ्यांबद्दल. तुम्ही तो विषय सहज लिहिला असेल, पण माझ्या मते हे पुस्तक तुमच्या मुलाला द्यायचं खरं कारण तिथेच आहे.

तिसऱ्या प्रकरणात जेवणाच्या टेबलावर सिडच्या हातून साखरेचं भांडं निसटतं आणि फुटतं. सिड म्हणजे टॉमचा सावत्र भाऊ, शिस्तीचा, चुगलखोर. टॉम मनातल्या मनात खूश: चला, आज या लाडक्याला प्रसाद मिळणार. तो तोंड मिटून मावशीची वाट बघतो. मावशी येते, तुकडे बघते आणि पुढच्या क्षणी टॉमच जमिनीवर लोळत असतो! तो ओरडतो, ‘मला का मारतेस? सिडने फोडलं!’ मावशी गडबडते, पण सावरून म्हणते की मार काही फुकट गेला नाही, माझ्यामागे दुसरं काहीतरी केलंच असशील. मनात मात्र ती चुरचुरते. जवळ घ्यावंसं वाटतं, पण शिस्त बिघडेल म्हणून गप्प राहते. टॉमला तेही कळतं. तो कोपऱ्यात रुसून बसतो आणि आपण मेलो तर मावशी कशी रडेल याची चित्रं रंगवतो.

वर्गात हे वाचलं की शेवटच्या बाकावरून कुणीतरी हमखास बोलतं. एकदा एक मुलगा, एरवी माझ्या तासाला खिडकीबाहेर बघणारा, उभा राहून म्हणाला, ‘बाई, खडूचा डबा मी नव्हता सांडला.’ कुठला डबा, कधीचा, मला काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या तरी तासाची, महिन्यांपूर्वीची गोष्ट असणार. तो सांगून खाली बसला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकत राहिला.

विसाव्या प्रकरणात याच्याही पुढची पायरी आहे. टॉमच्या शब्दलेखनाच्या पुस्तकावर दुसराच मुलगा शाई ओततो. टॉम आधी रीतसर नाकारतो, मग मार खातो आणि फारसा न दुखावता जागेवर जाऊन बसतो, कारण त्याला वाटतं, सांडली असेल बुवा आपल्याच हातून, दंग्यात लक्षात राहिलं नसेल. दोन वाक्यांत उरकलेला प्रसंग, पण ज्याच्या नावावर सगळं खपतं त्या मुलाचं असंच होतं. त्याचा स्वतःवरचाच भरवसा उडतो. डायरीवर रोज सही करणाऱ्या पालकांनी ही दोन वाक्यं जरूर वाचावीत. लाल पेन हातात धरणाऱ्या आम्हीसुद्धा.

त्याच दिवशी, त्याच वर्गात, मास्तरांच्या शरीरशास्त्राच्या पुस्तकाचं पान टॉमला आवडणाऱ्या बेकीकडून फाटतं. डॉबिन्स मास्तर एकेकाला उभं करून विचारत तिच्यापर्यंत येतात. तिचा चेहरा पांढराफटक. टॉम उठतो आणि ओरडतो, ‘मी फाडलं!’ बेदम मार, वर शाळा सुटल्यावर दोन तास कोंडून ठेवणं. हेही खोटंच बोलणं. लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनने कुऱ्हाडीने झाड तोडल्याचं खरं सांगितलं अशी दंतकथा आहे; पुढे बेकीचे न्यायाधीश वडील टॉमच्या या खोट्याची तुलना त्या खऱ्याशी करतात. आता आजींनीच सांगावं, टॉम खोटं बोलतो म्हणून पुस्तक कपाटावर ठेवायचं, तर या खोट्याचं काय करायचं?

संक्षिप्त पुस्तकांत हटकून गाळलेली आणखी दोन ठिकाणं सांगते.

पहिलं मफ पॉटरचं. स्मशानात डॉक्टरचा खून होतो तो इंजन जो करतो (‘इंजन’ म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना, इंडियनांना, तेव्हा हिणवून म्हणत तो शब्द), पण झटापटीत फटका बसून बेशुद्ध पडलेल्या, प्यायलेल्या पॉटरच्या हातात तो चाकू ठेवतो. आपणच मारलं असं खुद्द पॉटरलाही वाटतं. टॉम आणि त्याचा दोस्त हक यांनी सगळं पाहिलेलं असतं, पण कुणाला सांगायचं नाही अशी त्यांनी रक्ताने सही करून शपथ घेतलेली. पॉटर तुरुंगात. टॉम झोपेत बरळू नये म्हणून दातदुखीचं निमित्त करून रात्री जबडा बांधून झोपतो. दोघंही अधूनमधून तुरुंगाच्या खिडकीशी जातात आणि गजांतून पॉटरला तंबाखू आणि काड्या देतात. सांगायचं धैर्य नाही, तर निदान एवढं तरी.

खटल्याच्या तोंडावर एकदा पॉटर त्यांना म्हणतो, गावातल्या सगळ्या पोरांचे पतंग मी सांधून दिले, मासे कुठे लागतात ते दाखवलं, आता सगळे मला विसरले, तुम्ही दोघं तेवढे विसरला नाहीत. मग म्हणतो, एकमेकांच्या पाठीवर चढा म्हणजे मला तुमचे हात धरता येतील. तुमचे गजांतून आत येतील, माझे बाहेर येत नाहीत, मोठे आहेत. आणि ते छोटे हात हातात धरून तो पोरांचे आभार मानतो. कुणाचे? ज्यांच्या एका शब्दाने तो सुटला असता त्यांचे. इथे मी वाचायची थांबते. वर्गाला काही विचारत नाही. विचारायची गरज पडत नाही, मुलं आपापसातच भांडायला लागतात: सांगायला पाहिजे होतं, कसं सांगणार, तो इंजन जो त्यांना मारून टाकेल की, शपथ मोडायची का. पुढे टॉम एकटाच पॉटरच्या वकिलाकडे जातो आणि भर कोर्टात, इंजन जो समोर बसलेला असताना, साक्ष देतो. इंजन जो खिडकीतून उडी मारून पसार होतो आणि टॉमच्या रात्री पुन्हा भीतीत जायला लागतात. खरं बोलल्यावर सगळं छान झालं, असं ट्वेन लिहीत नाही.

दुसरं ठिकाण सालीचं. टॉम, हक आणि जो हार्पर बेटावर चाचे होऊन पळून जातात, गावाला वाटतं बुडाले. टॉम एका रात्री गुपचूप घरी येतो, पलंगाखालून मावशीचं रडणं ऐकतो, आपल्याच अंत्यसंस्काराचा बेत ऐकतो आणि तसाच परत जातो. पुढे स्वतःच्याच प्रार्थनासभेत तिघं हजर होतात, हा प्रसंग तर प्रसिद्धच आहे. त्यानंतर टॉम ते चोरून ऐकलेलं सगळं ‘मला स्वप्न पडलं’ म्हणून मावशीला सांगतो. ती विरघळते. एकटा सिड मनात म्हणतो, एवढं लांबलचक स्वप्न, आणि एकही चूक नाही! (वर्गात सिडला इथे पहिल्यांदा टाळ्या पडतात.) खोटं उघडकीला आल्यावर मावशीला खरी जखम होते. टॉम म्हणतो, तू काळजी करू नयेस म्हणून चिठ्ठी ठेवायला आलो होतो, झाडाच्या सालीवर लिहिलेली, मग सभेत येऊन थक्क करायची कल्पना सुचली आणि साल खिशातच राहिली. आणि जाताना तुझा पापा घेतला. मावशीला विश्वास ठेवावासा वाटतो, पण हा टॉम आहे. तो गेल्यावर ती त्याचं ते फाटकं जाकीट काढते. खिशाकडे हात जातो, मागे येतो. नकोच बघायला, खोटं असलं तरी चांगलं खोटं आहे ते. पुन्हा हात, पुन्हा मागे. तिसऱ्यांदा ती खिसा तपासते. साल असते. ती रडत वाचते आणि म्हणते, याने दहा लाख पापं केली असती तरी मी आता माफ करीन.

हे प्रकरण मुलापेक्षा आईने आधी वाचावं असं मला वाटतं. आजीनेसुद्धा.

चिलमीबद्दल फार लिहीत नाही. बेटावर टॉम आणि जो हार्पर पहिल्यांदा चिलीम ओढतात, फुशारक्या मारतात, मग एकेकाचा चेहरा उतरतो. एक म्हणतो, माझा चाकू कुठेतरी पडला, शोधून येतो. दुसरा म्हणतो, मी पण येतो मदतीला. हक शोधायला जातो तेव्हा दोघं जंगलात दोन टोकांना पांढरेफटक होऊन झोपलेले. तंबाखूविरोधी फलकांना जमत नाही ते या एका पानात होतं.

कुंपण रंगवण्याचा प्रसंग तुम्हाला माहीत असणार, तो क्रमिक पुस्तकांतून, नाट्यछटांतून सगळीकडे फिरलेला आहे. नव्वद फूट लांब, नऊ फूट उंच कुंपण, आणि ते रंगवायचं भाग्य मिळावं म्हणून पोरंच टॉमला लाच देतात. माझ्या मुलांना यातली युक्ती नव्हे, लाचेची यादी आवडते: मेलेला उंदीर आणि तो गरगरा फिरवायला दोरी, कुठल्याच कुलपाला न लागणारी किल्ली, एका डोळ्याचं मांजराचं पिल्लू, संत्र्याच्या सालीचे चार तुकडे, कुत्र्याचा पट्टा पण कुत्रा नाही. त्यानंतर ‘आपापल्या दप्तराच्या तळाशी काय आहे ते लिहा’ म्हटलं की पाठ्यपुस्तकातल्या निबंधाला पाच ओळी न लिहिणारी मुलं पानभर लिहितात.

पुण्यातल्या मुलांना लगेच कळणारी जागा मात्र निराळी आहे: रविवारच्या बायबलवर्गातलं पाठांतर. दोन वचनं पाठ केली की निळी चिठ्ठी, दहा निळ्यांची एक लाल, दहा लालची एक पिवळी, दहा पिवळ्या झाल्या की बक्षीस म्हणून बायबल. म्हणजे २००० वचनं. पाचवीचा वर्ग हा हिशेब फळ्यावर करतो. टॉम एकही वचन धड न म्हणता चिठ्ठ्यांचा बाजार करून बक्षीस पटकावतो आणि मोठ्या पाहुण्यांसमोर येशूच्या पहिल्या दोन शिष्यांची नावं विचारल्यावर ‘डेव्हिड आणि गोलायथ’ (शिष्य नव्हेत, बायबलातले जुने वैरी) सांगून तोंडघशी पडतो. आपल्याकडे मनाचे २०५ श्लोक, गीतेचा पंधरावा अध्याय, प्रमाणपत्रं, पदकं. मुलं एकमेकांकडे बघून हसतात, आणि पाठांतर स्पर्धेचं आयोजन करणारी मीही त्यांच्याकडे बघून हसते. पाठांतर वाईट असं ट्वेन म्हणत नाही, मीही म्हणत नाही. चिठ्ठ्या मोजायला लागलं की काय होतं, एवढंच त्याने दाखवलंय.

आता भीतीचं. स्मशानातलं प्रकरण दहा वर्षांच्या मुलाला एकट्याने रात्री वाचायला देऊ नका, तुम्ही वाचून दाखवा. पण त्याहून जड आहे तो इंजन जोचा शेवट. गुहेचं तोंड लोखंडी पत्र्याच्या दाराने बंद केलेलं, आत इंजन जो अडकलेला. त्याने मेणबत्त्यांचे तुकडे खाल्ले, वटवाघळं खाल्ली, छतावरून दर काही मिनिटांनी पडणारा पाण्याचा थेंब दगडाच्या खळग्यात साठवला, आणि तरी उपाशीच मेला. टॉमला सुटका झाल्याचं वाटतं आणि त्याची कीवही येते, कारण त्या अंधारात तोही काही दिवस अडकलेला असतो. मुलं इथे अगदी गप्प होतात. वाचून झाल्यावर लगेच दिवा घालवू नका. गावातल्या विधवा डग्लसबाईंवर सूड घेण्याच्या इंजन जोच्या बेतातले नाक-कान कापण्याचे तपशील मी पाचवीला वाचून दाखवताना सौम्य करते, सातवीला नाही.

आणि एका गोष्टीबद्दल बोलल्याशिवाय हे पुस्तक देऊ नये. इंजन जो हा अर्धा मूळ अमेरिकन रहिवाशांच्या रक्ताचा. गावातला एक भला म्हातारा म्हणतो, असला सूड गोरा माणूस घेत नाही, इंजनाची गोष्ट वेगळी. म्हणजे क्रौर्य त्याच्या रक्तातच आहे. मावशीच्या घरातला जिम हा काळा पोरगा गुलाम आहे, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. हे ‘तेव्हाचा काळ तसा होता’ म्हणून सोडून द्यायचं नसतं, कारण आपल्याकडेही तोच काळ होता. या पुस्तकाच्या पाच वर्षं आधी, १८७१ साली, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो डाग कागदोपत्री पुसला गेला १९५२ साली. सहावीच्या मुलांना मी एवढंच सांगून विचारते, पॉटर गोरा होता म्हणून त्याला वाचवावंसं वाटलं का? इंजन जोच्या अंगावर खोटा आळ आला असता तर टॉम उभा राहिला असता का? पुण्याच्या शाळांत सगळ्या वस्त्यांतली मुलं असतात. उत्तरं ऐकण्यासारखी येतात.

फास्टर फेणे नाही का चालणार, असं आजी म्हणतील. चालेलच, आणि आधी तोच द्या. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश, त्याची सायकल, त्याचं ‘टॉक्’, हे पुण्याच्या मुलाला आपलं वाटतं. ना. धों. ताम्हणकरांचा गोट्याही द्या. तोही टॉमसारखाच पोरका. फरक असा, की आपल्या या दोघांच्या उचापती शेवटी कुणाच्या तरी भल्याच्या निघतात. फेणे चोर पकडतो. टॉमच्या बऱ्याचशा उचापती स्वतःच्या मजेसाठी असतात, त्या इतरांना दुखावतात आणि त्याचं त्याला कळत जातं. ज्या मुलाच्या डायरीत लाल शेरे आहेत त्याला शूर नायकाइतकीच या दुसऱ्या जातीच्या मुलाची सोबत लागते.

आवृत्ती कशी ओळखायची? अप्पा बळवंत चौकात गेलात की ‘संपूर्ण’ हा शब्द मुखपृष्ठावर बघून भुलू नका. मूळ पुस्तकात ३५ प्रकरणं आणि शेवटी एक छोटा समारोप आहे. दहा-बारा प्रकरणांचं दिसलं तर परत ठेवा. प्रकरणं पुरेशी असतील तर दोन गोष्टी शोधा: तुरुंगाच्या गजांतून धरलेले हात आणि जाकिटाच्या खिशातली साल. त्या असतील तर घ्या. मामाने दिलेलं जाडं आहे म्हणता, तर बहुधा तेच योग्य असेल. आधी ते तपासा. इंग्रजी मूळ हवं तर स्वामित्वहक्क कधीच संपलेले आहेत, गुटेनबर्गच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. पण मुलं आणि गावकरी तिथल्या बोलीत, व्याकरण मोडून बोलतात. सेमी-इंग्रजीच्या पाचवीच्या मुलाला ते वाचताना धाप लागेल आणि पुस्तक नावडतं होईल. आत्ता मराठी, आठवीत इंग्रजी.

रोज एक प्रकरण धरलं तर सव्वा महिना लागतो, मे महिन्याच्या सुट्टीत आरामात होतं. वाचताना एकविसाव्या प्रकरणातले मुलींचे लांबलचक निबंध खुशाल गाळा. ट्वेनने ते टिंगल म्हणून छापले आहेत, दहा वर्षांच्या मुलाला त्यात काही मिळत नाही. मात्र त्याच प्रकरणाच्या शेवटी छतातून दोरीने सोडलेलं मांजर मास्तरांचा टोप उचलून नेतं, ते गाळलंत तर तुमची धडगत नाही. चर्चमधलं प्रकरणही सुरुवातीला संथ वाटेल, किडा आणि कुत्रा येईपर्यंत धीर धरा. डॉबिन्सच्या वेताच्या छडीवर मुलगा प्रश्न विचारेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आपल्याकडे शाळेत मारायला बंदी आहे, त्यामुळे मुलांना ते परक्या देशाइतकंच परकं वाटतं. घरात आजोबा असतील तर त्यांना त्यांच्या मास्तरांबद्दल विचारायला लावा. आमच्या वाचनाच्या तासाला एका मुलीचे आजोबा आले होते, शाळा बुडवून कालव्यात पोहायला जायचो आणि ओले केस वाळवून घरी कसे जायचो हे त्यांनी सांगितलं. मावशी टॉमच्या शर्टाची कॉलर शिवून ठेवते, तो पोहायला गेला की कळावं म्हणून, ते प्रकरण त्या दिवशी दोनदा वाचावं लागलं.

वाचून झाल्यावर ‘मग यातून काय शिकलास?’ हा प्रश्न मात्र कृपा करून विचारू नका. तो विचारला की मुलं शाळेत देतात तेच उत्तर देतात आणि पुस्तक तिथेच संपतं. त्याला स्वतःहून काही सांगायचं असेल तर तो सांगेल, कदाचित दोन महिन्यांनी, स्कूटरवर मागे बसलेला असताना. शेऱ्यांबद्दल वर्गशिक्षिकेला भेटायचं ते वेगळं भेटा, त्या कामाला हे पुस्तक जुंपू नका.

टॉम आवडला की तो लगेच ‘हकलबेरी फिन’ मागेल. तीच माणसं, तीच नदी, म्हणून बरेच पालक पाठोपाठ घेऊन देतात. ते पुस्तक गुलामगिरीला थेट भिडणारं, कितीतरी अधिक कठोर आहे. आठवी-नववीपर्यंत थांबा.